झाडाखालच्या वसंतफुलांचं गणित

इंग्लंडमधल्या ओक आणि बीचच्या जंगलांची जमीन एप्रिलच्या उत्तरार्धात निळी होते. हर्टफर्डशायरमधलं अ‍ॅशरिज किंवा हॅम्पशायरमधलं मिचेलडेव्हर वुड ज्यांनी त्या दिवसांत पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. नजर जाईल तिथवर ब्लूबेल, म्हणजे घंटेसारखी छोटी निळी फुलं, वर झाडांना फुटलेली कोवळी पालवी, आणि मधे गवताची काडी शोधावी लागते. जूनच्या सुरुवातीला त्याच जागी परत जा. पिवळी पडून जमिनीला चिकटलेली पानं, काही बोंडं आणि गार, काळसर सावली. जुलैअखेर तर इथे काही होतं याचा मागमूसही उरत नाही.

असं जंगल पाहून आलेल्या माणसाला आपल्या घरामागच्या सफरचंदाच्या किंवा बर्चच्या झाडाखालीही तेच हवंसं वाटतं. वाटायलाच हवं, कारण जागा छोटी असली तरी ते जमण्यासारखं आहे. पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एक तक्रार मी नेहमी ऐकते: कंद आणले, लावले, पहिल्या वर्षी झकास फुलं आली, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी नुसती पानं. मग माती बदलली जाते, खत ओतलं जातं, दुकानदाराला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. यंदाचं फूल हे गेल्या वर्षीच्या पानांची कमाई असते. एवढं एक वाक्य नीट कळलं, तर या फुलांबाबतचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

उन्हाची खिडकी

पानगळीच्या जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोचण्याचे दिवस मोजकेच. ऐन हिवाळ्यात झाडं उघडी असतात, पण सूर्य खाली असतो आणि दिवस तोकडा. मेमध्ये हवा उबदार होते, पण तोवर वर पानांचा मांडव भरत आलेला असतो आणि खाली उजेडाचा थोडाच अंश उतरतो. या दोहोंच्या मधे, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, एक खिडकी उघडी असते. ऊन आहे, ओल आहे, आणि वरून अडवणारं कुणी नाही.

बी रुजायचं, रोप वाढायचं आणि मग फुलायचं, हा नेहमीचा क्रम एवढ्या काळात बसत नाही. म्हणून या वनस्पतींनी जमिनीखाली साठा करून ठेवायची रीत धरली. पानांनी बनवलेली साखर पिष्टाच्या रूपात कंदात भरायची, आणि पुढच्या वर्षी खिडकी उघडताच त्या साठ्याच्या जोरावर भराभर वर यायचं. फुलायचं, बी धरायचं, पानांकडून पुन्हा कंद भरून घ्यायचा आणि मांडव दाटला की झोपून जायचं.

त्यांचं वर्ष आपल्याला वाटतं तसं वसंतात सुरू होत नाही. ते सुरू होतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. माती गार होते, पाऊस लागतो, आणि कंदाच्या बुडाशी मुळं फुटतात. वर काहीच दिसत नसतं. हिवाळाभर कोंब जमिनीखाली हळूहळू सरकत राहतो. ब्लूबेलची टोकं तर कित्येक ठिकाणी जानेवारीतच पाचोळ्यातून डोकावतात. मग फुलं येतात, आपण फोटो काढतो, आणि इथेच आपलं लक्ष उडतं. झाडाच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत महत्त्वाचे आठवडे आता सुरू होतात, फूल सुकल्यापासून पानं पिवळी पडेपर्यंतचे. कंद भरतो तो या काळात. उन्हाळ्यात तो निजलेला दिसतो, पण डॅफोडिलमध्ये आणि फेब्रुवारीत फुलणाऱ्या छोट्या पांढऱ्या स्नोड्रॉपमध्ये पुढच्या वर्षाची कळी त्याच झोपेच्या दिवसांत आत आकाराला येते.

विश्वास बसत नसेल तर सप्टेंबरमध्ये डॅफोडिलचा एक कंद धारदार सुरीने उभा चिरून पाहा. बाहेर तपकिरी पापुद्रा, आत कांद्याचे असतात तसे पांढरे जाड थर, तळाशी टणक चकती, जिथून मुळं फुटतात. त्या चकतीवर, अगदी मधोमध, फिकट पिवळसर कोंब उभा असतो. सुईने त्याची कोवळी पानं बाजूला करा आणि भिंग धरा. आत कळी आहे. पाकळ्या, पुंकेसर, सगळं ओळखू येतं. उमलायला अजून चांगले पाच-सहा महिने आहेत, पण फूल घडून झालेलं आहे. बघून झाल्यावर हात साबणाने धुवा, रसाने कातडीला खाज सुटते.

आता वरच्या तक्रारीकडे परत वळा. दुकानातून आणलेल्या कंदात पहिल्या वर्षाचं फूल आधीच तयार असतं. हॉलंडच्या किंवा लिंकनशायरच्या भर उन्हातल्या शेतात ते कमावलं गेलेलं असतं. तुमच्या बागेने त्यासाठी फारसं काही केलेलं नसतं. तुमच्या बागेची परीक्षा दुसऱ्या वर्षापासून असते.

थंडी कशाला हवी

कळी घडली म्हणजे ती उमलेलच असं नाही. यातल्या बहुतेक कंदांना मधे एक लांब थंडीचा काळ लागतो. ट्यूलिपचं उदाहरण चांगलं अभ्यासलेलं आहे: साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली १२ ते १६ आठवडे मिळाले नाहीत, तर देठ लांबतच नाही, फूल पानांच्या बेचक्यात अडकून सुकतं. थंडीत कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, आणि देठ वाढवणाऱ्या संप्रेरकांची यंत्रणा जागी होते. निसर्गात याचा उपयोग सरळ आहे. ऑक्टोबरमध्ये चार उबदार दिवस आले म्हणून फसून वर यायचं नाही. पूर्ण हिवाळा सरल्याची खूण पटली की मगच.

म्हणूनच पुण्या-मुंबईत स्नोड्रॉप किंवा ब्लूबेल लावण्यात अर्थ नाही. फ्रिजमध्ये ठेवून कुंडीत ट्यूलिप एकदा फुलवता येतो, कारण फूल कंदात आयतं आलेलं असतं. पण नंतरची पानं उन्हाच्या तडाख्यात कंद भरू शकत नाहीत आणि पुढच्या वर्षी टाकून द्यावा लागतो. ऑनलाइन चित्रं पाहून दरवर्षी पैसे घालणाऱ्यांची मला खरंच हळहळ वाटते. सह्याद्रीत याच धर्तीवर जगणारे कंद आहेत, त्यांच्याविषयी पुढे सांगते.

कांदा, सुरण, बटाटा, आलं

बागकामाच्या गप्पांत आपण सरसकट 'कंद' म्हणतो, पण दुकानात जाण्याआधी चार प्रकार वेगळे ओळखता आले तर पैसे वाचतात. ते चारही आपल्या स्वयंपाकघरात आहेत. स्नोड्रॉप, डॅफोडिल, ब्लूबेल हे कांद्याच्या जातकुळीतले: चकतीवर बसलेले मांसल थर. क्रोकस सुरणासारखा, थर नसलेला भरीव गोळा. पिवळा विंटर अ‍ॅकोनाइट आणि सायक्लॅमेन बटाट्यासारखे गाठाळ. आणि वुड अ‍ॅनिमोन, म्हणजे मार्चमध्ये जंगलात चांदण्यांसारखी पांढरी फुलं येतात ती, आल्यासारखी आडवी सरपटत जाते.

हा फरक नुसता माहितीपुरता नाही. डॅफोडिल आणि क्रोकस यांना जाड कोरडा पापुद्रा असतो, त्यामुळे ते महिना-दोन महिने जाळीच्या पिशवीत टांगलेले चालतात. ब्लूबेलचा कंद पांढरा, रसाळ, जवळजवळ उघडाच. स्नोड्रॉपचा पापुद्रा पातळ. डॉग्ज टूथ व्हायोलेट, म्हणजे एरिथ्रोनियम, याचा कंद कुत्र्याच्या सुळ्यासारखा दिसतो आणि फार लवकर वाळतो. अ‍ॅनिमोनचं खोड तर वाळक्या काटकीसारखं दिसतं. पाकिटातून काढलं की नवखा माणूस कचरा समजून टाकून देईल. गार्डन सेंटरच्या उबदार दालनात सप्टेंबरभर पडून राहिलेली ही पाकिटं स्वस्त मिळतात, आणि त्यांतली बरीच मेलेली असतात. दाबून पाहा. कंद हलका, पोकळ, चुरचुरीत लागला तर घेऊ नका. अ‍ॅकोनाइटच्या आणि अ‍ॅनिमोनच्या गाठी लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात, फुगून येतात.

स्नोड्रॉपसाठी तर सगळ्यांत खात्रीचा मार्ग वेगळाच आहे. फूल ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच, मुळांसकट उपटलेली रोपं नर्सरीवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या कागदात गुंडाळून पाठवतात. शेजाऱ्याकडे जुना गुच्छ असेल तर त्याच्याकडूनच मागून घ्या. ब्रिटनमध्ये अशी देवघेव अगदी रीतीची आहे. गुच्छाच्या भोवती फोर्क खोल घालून तो अख्खा उचलायचा. माती झटकली की तीस-चाळीस कंद एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, काही मोठे, काही तांदळाच्या दाण्याएवढे, सगळ्यांना पांढरीशुभ्र मुळं. बोटांनी हळू सोडवायचे, मुळं तुटू द्यायची नाहीत. दोन-दोन, तीन-तीन एकत्र धरून खड्ड्यात ठेवायचे. खोली किती, हे रोपच सांगतं: पानाचा जो भाग जमिनीखाली होता तो पांढरा-पिवळट राहिलेला असतो, जिथून हिरवा रंग सुरू होतो तिथवर माती. मग पाणी. पुढचे काही दिवस पानं आडवी पडलेली दिसतील, त्याची चिंता नको.

जागा आणि माती

झाड पानगळीचं हवं, ही एकच अट सोडता येत नाही. सदाहरित झाडाखाली, दाट कोनिफरच्या कुंपणाखाली खिडकी कधी उघडतच नाही. हेझल, बर्च, सफरचंद, चेरी, मॅग्नोलिया ही उत्तम. मोठ्या बीचखाली उन्हाळ्यात इतका अंधार आणि कोरडेपणा असतो की फार थोड्या गोष्टी तग धरतात, तरी त्याच्या घेराच्या कडेला अ‍ॅकोनाइट आणि स्नोड्रॉप छान येतात. झाडच नसेल तर? गुलाबाच्या किंवा हायड्रेंजाच्या झुडपाखालीही तीच खिडकी असते, फक्त लहान. फ्लॅटच्या बाल्कनीतल्या खोल कुंडीतही स्नोड्रॉप होतात, पण कुंडी उन्हाळ्यात सावलीत ठेवायची आणि पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही.

माती जंगलातली हवी म्हणजे काय हवी? वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याने झालेली, हलकी, ओल धरणारी पण पाणी साचू न देणारी. ती विकत आणायची गरज नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळलेली पानं गोळा करा, ओली करा, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत ठासून भरा, पिशवीला काट्याने भोकं पाडा आणि शेडमागे विसरून जा. वर्ष-दोन वर्षांनी आत काळं, मऊ, जंगलासारखा वास येणारं खत तयार असतं. शरदात त्याचा दोन बोटं जाड थर कंदांच्या जागेवर पसरायचा. बाकी जोरकस खतं टाळा. विशेषतः नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि फूल रुसतं. लंडनच्या आसपास असते तशी चिकण माती असेल तर पाचोळ्याच्या खताबरोबर जाड रेती मिसळा, कारण हिवाळ्यात पाण्यात बसलेला कंद कुजतो.

लावण्याची वेळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. खोलीचा ढोबळ नियम कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट. डॅफोडिल १० ते १५ सेंटिमीटर, ब्लूबेल आणि एरिथ्रोनियम १० च्या आसपास, अ‍ॅकोनाइट ५, अ‍ॅनिमोन तर ३-४ सेंटिमीटरवर आडवी ठेवली तरी पुरे. ब्लूबेलच्या बाबतीत थोडं उथळ झालं तरी बिघडत नाही. त्याची काही मुळं आकसतात आणि कंदाला दरवर्षी थोडं खाली ओढून घेतात. जुन्या जंगलात म्हणूनच ते इतके खोल सापडतात. फावड्याने झाडाची जाड मुळं तोडत बसू नका, मुळांच्या मधल्या खळग्यांत छोट्या खुरप्याने लावा. आणि ओळीत लावू नका. मूठभर कंद उधळायचे आणि जिथे पडतील तिथेच पुरायचे, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली.

पानांना हात लावू नका

सगळा लेख मी खरं तर या परिच्छेदासाठी लिहितेय. फुलं गेल्यावर पानं लोळतात, पिवळी पडतात, बाग विस्कटलेली दिसते. नीटनेटक्या माणसाचे हात शिवशिवतात. कुणी पानं कापतं, कुणी डॅफोडिलच्या पानांची वेणी घालून रबरबँड लावतं, कुणी लॉनमोअर फिरवतं. वेणी घातलेली पानं एकमेकांच्या सावलीत जातात, म्हणजे त्यांची कमाई घटते. फूल सुकल्यापासून किमान सहा आठवडे पान उभं राहिलंच पाहिजे, आणि आपणहून पिवळं पडून ओढल्याबरोबर हातात येईपर्यंत थांबलात तर उत्तम. लॉनमध्ये कंद लावले असतील तर तेवढा तुकडा जूनपर्यंत कापायचा नाही, एवढं लावतानाच ठरवून टाका. नजरेला खुपत असेल तर पुढे हॉस्टा, नेचे, जिरेनियम लावा. त्यांची पानं मेमध्ये उघडतात आणि खालचा पसारा आपोआप झाकला जातो.

पाय पडण्याचंही तसंच. जंगलात ब्लूबेलच्या मधे बसून फोटो काढणारे लोक फुलं तोडत नाहीत, त्यांना वाटतं आपण काही नुकसान केलं नाही. पण चेंगरलेलं ब्लूबेलचं पान परत उभं राहत नाही, नवीन पान त्या वर्षी येत नाही, आणि कंद उपाशी राहतो. तुडवलेला पट्टा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून बेल्जियममधल्या हॉलेरबॉसच्या जंगलात आणि इंग्लंडमधल्या अनेक ठिकाणी वाटा दोरीने आखून दिलेल्या असतात. वाटेवरूनच चाला, मुलांनाही तसंच सांगा.

डॅफोडिलचं सुकलेलं फूल मात्र खुडावं, बी धरण्यात शक्ती जाऊ नये म्हणून. स्नोड्रॉप, अ‍ॅकोनाइट आणि ब्लूबेलची फुलं खुडू नका, त्यांचं बी आपल्याला हवंय. स्नोड्रॉप आणि सायक्लॅमेनच्या बियांना एक मांसल, तेलकट टोक असतं. मुंग्या त्या टोकासाठी बी वारुळाकडे ओढून नेतात, टोक खातात आणि बी टाकून देतात. चार फुटांवरच्या फरशीच्या फटीत अचानक स्नोड्रॉप उगवतो तो असा. ब्लूबेलच्या बीला असा वाहक नाही, ते देठ हलून आसपासच सांडतं. अ‍ॅनिमोनची गती आणखी संथ: शंभर वर्षांत सहा फूट पसरते, असा ब्रिटनमधला ठोकताळा आहे. त्यामुळे एखाद्या जंगलात अ‍ॅनिमोनचा मोठा गालिचा दिसला, तर ते जंगल शेकडो वर्षं जागेवर आहे असं अभ्यासक धरून चालतात.

कोणता ब्लूबेल, कुठून घ्यायचा

जगातल्या देशी ब्लूबेलपैकी जवळपास निम्मे एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. बागांमध्ये मात्र स्पॅनिश ब्लूबेल आणि दोघांचा संकर जास्त दिसतो, आणि तो दणकट असल्यामुळे पसरत जातो. ओळखायचं कसं? देशी ब्लूबेलचा देठ एका बाजूला झुकलेला, फुलं नळीसारखी अरुंद, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, वास गोड आणि स्पष्ट. फुलात डोकावलात तर पराग मलईच्या रंगाचे. स्पॅनिशचा देठ ताठ, फुलं चहूबाजूंनी लागलेली आणि पसरट, पानं रुंद, वास जवळजवळ नाही, पराग निळसर किंवा हिरवट. घराजवळ जुनं जंगल असेल तर स्पॅनिश लावू नका, मधमाश्यांना कुंपण कळत नाही.

जंगलातून कंद खणून आणणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती उपटता येत नाही, आणि ब्लूबेलला १९९८ पासून जादा संरक्षण आहे: स्वतःच्या जंगलातले कंद खणून विकायलाही मालकाला मनाई आहे. स्नोड्रॉपच्या सर्व रानजाती 'साइट्स' या, रानजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, कारण एके काळी तुर्कस्तानच्या डोंगरांतून ते बेसुमार खणून युरोपला पाठवले जात. म्हणून विकत घेताना कंद नर्सरीत वाढवलेले आहेत का, हे विचारा. फार स्वस्त मिळत असतील तर नक्की विचारा.

स्नोड्रॉप इतका इंग्लिश वाटतो, पण तो तिथला मूळ नव्हे. बागेतून तो पळाला आणि जंगलात स्थिरावला; रानात उगवल्याच्या नोंदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. पुढे क्रिमियन युद्धावरून परतलेल्या सैनिकांबरोबर रुंद पानांची आणखी एक जात आली. आज त्याचे इतके प्रकार आहेत की हौशी संग्राहकांची एक वेगळी जमातच तयार झालीय. २०१५ मध्ये 'गोल्डन फ्लीस' नावाच्या पिवळ्या स्नोड्रॉपचा एक कंद ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला. बागेला याची काही गरज नाही. साधा स्नोड्रॉप, म्हणजे गॅलँथस निवालिस, थंडीत देठ टाकून लोळतो, ऊन आलं की पुन्हा उभा राहतो, आणि हवा १० अंशांच्या वर गेली की बाहेरच्या तीन पाकळ्या पसरून भुंग्यांना आत घेतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी खाली बसून हे पाहा.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत आणि कॅनडात राहणाऱ्यांनी ब्लूबेलच्या मागे न लागता तिथलीच वसंतफुलं, ट्रिलियम आणि ट्राउट लिली, लावावीत. गणित तेच, फक्त धीर जास्त: बियापासून ट्रिलियमला फूल यायला सात-आठ वर्षं सहज लागतात, आणि म्हणूनच रानातून खणलेला माल तिथेही विकला जातो. तिथे आणखी एक अडचण आहे जी आपल्याला उलटी वाटेल. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळं नव्हती. युरोपातून आलेली गांडुळं पाचोळ्याचा थर खाऊन टाकतात आणि या फुलांचं घरच नाहीसं होतं. मासेमारीसाठी आणलेली गांडुळं जंगलात सोडू नका, असं तिथले लोक सांगतात ते यासाठी.

विष, खारी आणि लसणीची पानं

यातल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती विषारी आहेत. खारी क्रोकस आणि ट्यूलिप उकरून खातात, पण डॅफोडिल आणि स्नोड्रॉपला सहसा तोंड लावत नाहीत, ते त्यामुळेच. (क्रोकसवर कोंबड्यांची जाळी मातीखाली दोन बोटांवर पसरली की काम होतं.) स्नोड्रॉपच्या कुळातल्या या विषारी द्रव्यांपैकी गॅलँटामाइन आज अल्झायमरच्या रुग्णांना औषध म्हणून दिलं जातं, त्याचं सुरुवातीचं काम १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि बल्गेरियात झालं. पण घरात ही द्रव्यं धोक्याचीच. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा आणि कळीचा देठ पातीसारखा दिसतो. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सुपरमार्केटना डॅफोडिल भाजीपाल्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. आपल्या घरांत कांद्याची पोती गॅरेजमध्ये असतात. कंद तिथे ठेवू नका, आणि पिशवीवर ठळक नाव लिहा.

याच जंगलात रानलसूण येते आणि एप्रिलमध्ये तिच्या पानांची चटणी, थालीपीठं बऱ्याच मराठी घरांत होऊ लागलीत. चव फारच छान. पण त्याच जागी, त्याच सुमारास लिली ऑफ द व्हॅलीची आणि लॉर्ड्स अँड लेडीज या सुरणकुळातल्या वनस्पतीची पानं येतात, दोन्ही विषारी. वासावर विसंबू नका, कारण चार पानं खुडल्यावर हातालाच लसणीचा वास लागतो आणि मग प्रत्येक पान लसूण वाटतं. मूठभरून उपटायचं नाही, एकेक पान पाहून खुडायचं. बागेत लावायची असेल तर वेगळ्या कोपऱ्यात लावा, ती दोन-चार वर्षांत स्नोड्रॉपना गिळून टाकते.

सह्याद्रीतली तीच रीत

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हिरमुसायचं कारण नाही. आपल्याकडे खिडकी उन्हाची नसते, पावसाची असते. शेवळं आठवा. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून नुसता फुलोरा वर येतो, पान नंतर. काकडं घालून आपण ज्याची भाजी करतो तो फुलोरा गेल्या पावसाळ्यातल्या पानांनी भरलेल्या कंदातून आलेला असतो. भुईचाफ्याचंही तसंच: फूल आधी, पान मागून. अंगणात किंवा कुंडीत लावायचे तर मे फ्लॉवर, पावसाळी लिली, निशिगंध आपल्या हवेत वर्षानुवर्षं टिकतात. मे फ्लॉवरचा लाल चेंडू सुकला की कुंडी अडगळीत ढकलू नका. पावसाळाभर तिची मोठी पानं हिरवी राहू द्या, ती सुकल्यावर पाणी कमी करा. पुढच्या मेचा चेंडू त्यावर अवलंबून आहे.

फुलं येईनाशी झाली तर

शेवटी, नुसती पानं येणाऱ्या गुच्छाचं काय करायचं? आधी गेल्या वर्षी पानं कधी कापली ते आठवा. तसं काही झालं नसेल तर वर बघा: झाड वाढून खिडकी लहान झालीय का? खालच्या दोन-तीन फांद्या छाटल्या तरी फरक पडतो. तेही नसेल तर कंदांची गर्दी झालेली असेल. डॅफोडिल जूनमध्ये पानं सुकताना, स्नोड्रॉप फुलं ओसरताच, उचलून सोडवा आणि मोकळे लावा. एक वर्ष ते रुसतील. डॅफोडिलचा एखादा कंद हाताला मऊ लागला तर कापून पाहा. आत मळकट पांढरी अळी असेल तर ती नार्सिसस माशीची, तो कंद कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्या.

आणि ब्लूबेल वाढवायचे असतील तर जुलैमध्ये बोंडं तडकली की काळं, चकचकीत बी हातावर घ्या आणि लगेच झाडाखाली पाचोळ्यात विखरून टाका. डबीत भरून ठेवू नका, त्याला आधी उन्हाळ्याची ऊब आणि मग शरदाचा गारवा, असे दोन्ही मिळावे लागतात. पहिल्या वसंतात प्रत्येक बीचं एकच पान येतं, गवताच्या पात्यासारखं बारीक. फुलायला साधारण पाच वर्षं. तोवर त्या जागी चार काड्या रोवून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तण समजून तिथे खुरपं चालवणार नाही.